सातव्या टाक्याचा खटका

थोरला आला, पण पायऱ्या चढला नाही.

समोरच्या फुटपाथवर, चष्म्याच्या दुकानाच्या छपराखाली, हातात कापडी पिशवी धरून तो उभा राहिला. शिवणाच्या दुकानाला पायऱ्या तीनच. पण त्या तीन पायऱ्या चढून त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. आईला भेटायचा तो बहिणीच्या घरी, धाकट्या भावाशी बोलायचा फोनवर. दुकानाचा विषय निघाला की हवापाण्यावर जायचा. आज दुकान कायमचं बंद होत होतं. सामान न्यायला चार वाजता गाडी येणार होती. म्हणून आईने मुलीकडून निरोप धाडला होता, "सगळ्यांनी या. थोरल्यानेसुद्धा."

"आलाय," बहीण खिडकीतून म्हणाली. नोकरीतून सुटून तिला आठ वर्षं झाली होती, तरी घरात सगळे तिला नर्सच म्हणत.

"वर येतोय?" धाकट्याने विचारलं.

"उभा आहे. खांबासारखा."

"राहू दे उभा," धाकटा म्हणाला. तो टेबलाखाली शिरून कात्र्या गोळा करत होता. लहानपणी काडीसारखा होता म्हणून घरात त्याचं नाव पडलं टाचणी. आता टाचणीची चांगली उशी झाली होती, पण नाव काही सुटलं नाही. "खांबाला कोण बोलवायला जातं? आपण होऊन आला तर येईल."

"तू वाकड्यात शिरू नकोस."

"मी टेबलाखाली शिरलोय, ताई. वाकड्यात दादा शिरलाय. हे दुकान मला मिळालं म्हणून."

नर्सने तोंड उघडलं आणि मिटलं. हे वाक्य ती गेली चव्वेचाळीस वर्षं ऐकत होती आणि दर वेळी असंच तोंड मिटत होती.

कोपऱ्यात पायाच्या मशीनपाशी म्हातारी आई बसली होती. शहाऐंशी वर्षांची. मशीनवर कापड नव्हतं, पण तिचा हात त्याच्या फळीवर होता. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि पुन्हा हात होता तिथेच ठेवला.

टाचणीची मुलगी शिडीवर चढून छतालगतच्या आकड्यांवरून मापाचे पुठ्ठे उतरवत होती. दिसेल ते साठवायची सवय म्हणून तिला खार म्हणत. कॉलर, कफ, खांदा, खिसा. शर्टाचे मोठे भाग खाकी कागदावर काढलेले असत. पण जिथे सुताएवढी चूक चालत नाही ते भाग तिचे आजोबा पुठ्ठ्यावर कापत. आणि पुठ्ठा यायचा समोरून. आज चष्मे विकतात तिथे तेव्हा रेकॉर्डचं दुकान होतं. न खपलेल्या रेकॉर्डी परत पाठवताना तो माणूस नुसत्या तबकड्या पाठवायचा आणि कव्हरं आजोबांना द्यायचा. घडीची, जाड, चिवट कव्हरं. आजोबा म्हणायचे, असा पुठ्ठा कारखान्यातसुद्धा मिळत नाही.

न खपणाऱ्या रेकॉर्डी म्हणजे सत्तरच्या दशकातल्या त्या लांबलचक संगीताच्या. एका बाजूला एकच गाणं, वीस-वीस मिनिटांचं. वर चित्रं अशी की डोळे फिरावेत. त्यामुळे खार लहानाची मोठी झाली ती अर्ध्या चित्रांखाली. एका कफावर खिडक्या असलेला देवमासा, त्याला शेपूट नाही. एका कॉलरीवर आकाशात जाणारा जिना, पण वर काय आहे ते कापून गेलेलं. शाळेतून आली की ती टेबलावर उताणी पडून विचारायची, "आजी, ह्याची शेपूट कुठे गेली?" म्हातारी म्हणायची, "कुणाच्यातरी मनगटावर."

मोठेपणी तिने त्या शेपट्या शोधायला घेतल्या. जुना बाजार, रद्दीवाले, नंतर इंटरनेट. देवमासा सापडला तेव्हा कव्हराच्या आत तबकडी होती, म्हणून तिने ती ऐकली. पहिल्यांदा डोकं दुखलं. तिसऱ्यांदा झोप उडाली. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे तिला पुढे कळलं. जगात कुणाला माहीत नसलेले वाद्यवृंद, एकच रेकॉर्ड काढून विरून गेलेले, तिला आकड्यावरच्या पुठ्ठ्यांनी दाखवले. दुकानातली एकतीसच्या एकतीस कव्हरं तिने पुरी केली होती. दिवसा ती शाळेत भूगोल शिकवायची आणि बाकीचा वेळ हे.

"आजी, ही पिशवी कसली?"

मशीनमागच्या खिळ्याला एक कापडी पिशवी लटकत होती. ती तिथे कायम होती. तिला हात लावायचा नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"काढ," म्हातारी म्हणाली. "आज काढायचीच आहे."

खारीने नाडी सोडली. आत पुठ्ठेच होते. एक कॉलर, दोन कफ, एक खांदा, एक खिसा. कॉलरीवर समुद्र होता, आणि समुद्रातून वर आलेलं, बेटासारखं एक कपाळ. त्यावर दीपगृह. खाली दोन डोळे.

खार शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. तिने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि पुठ्ठे टेबलावर मांडू लागली. कॉलरीखाली खांदा, खांद्याखाली कफ. कफावर हनुवटी आली.

"बाबा, इकडे या."

फोनवर एक कव्हर होतं, धुरकट फोटोतलं. समुद्रात चार डोकी, चार बेटं. कव्हरवर माणसांची नावं नाहीत. त्या काळी तशी फॅशन होती. "दूरच्या देशात एका माणसाला ही रेकॉर्ड सापडली. ओरखडे पडलेली. त्याने ती इंटरनेटवर चढवली. हे कोण होते, हे कुणालाच माहीत नाही. लोक भांडतात यावरून. मी तीन वर्षं ऐकतेय, बाबा. तीन वर्षं. आणि हे इथे खिळ्याला आहे."

टाचणीने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. डावीकडच्या बेटाकडे पाहिलं. मग टेबलाची कड धरून खाली बसला.

"हा दादा आहे," तो म्हणाला.

नर्सच्या हातातला कप बशीवर वाजला. तिला ते चित्र ओळखायला फोन लागला नव्हता.

"झाक ते," ती म्हणाली. "तो यायच्या आत झाक. आई, तू हे अजून ठेवलंस?"

"का झाकायचं?" टाचणीने विचारलं. "ताई, तुला माहीत होतं?"

"मला काही माहीत नाही."

"तुझे कान लाल झालेत. लहानपणी साखर खाल्लीस की व्हायचे तसे."

नर्स स्टुलावर टेकली. आयुष्यभर तिने दोन्हीकडचे निरोप नेले होते आणि दोन्हीकडे अर्धेच पोचवले होते. आता राहिलेलं अर्धं तिला आवरेना.

"त्याने मला शपथ घातली होती," ती म्हणाली. "रेकॉर्ड छापली तेव्हा पहिली प्रत आईला आणून दिली त्याने. चौघा मित्रांनी मिळून तीनशे छापल्या होत्या, त्यातली पहिली. आठवड्याने आला तर ह्याच टेबलावर आई कव्हर कापत होती. त्याच्याच तोंडावरून कात्री चाललेली. तो दारातूनच परत गेला. मला म्हणाला, आईच्या लेखी माझं काम म्हणजे पुठ्ठा. आणि म्हणाला, तिला सांगितलंस तर तुझं तोंड पाहणार नाही."

टाचणीने चष्मा काढला.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हे," टाचणी म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता, खरोखर टाचणीएवढा. "चव्वेचाळीस वर्षं मला वाटतंय, मी दुकान घेतलं म्हणून तो येत नाही. ताई, दर वर्षी मी तुझ्यासमोर हेच म्हणायचो. तू एकदा तरी म्हणायचंस, नाही रे म्हणून."

"म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग कशामुळे."

"विचारलंच असतं!"

"मग?"

टाचणीने हात वर केले. बहिणीशी वादात तो कधी जिंकला नव्हता. आज त्याला जिंकायचंही नव्हतं. त्याने तिचा थंड झालेला चहा तिच्यासमोरून उचलला आणि गरम करायला ठेवला.

म्हातारी इतका वेळ मुलीकडे बघत होती. तिला रडू आलं नाही. तिचं तोंड मात्र, सुई ओवताना व्हायचं तसं, घट्ट झालं होतं.

"त्याला वर बोलवा," ती म्हणाली. "चारला गाडी येईल. त्याच्या आधी मला त्याच्याशी बोलायचंय. ह्याच टेबलाशी."

"मी नाही जाणार," टाचणी आणि नर्स एकदम म्हणाले.

खारीने फोन आणि कानात घालायची वायर उचलली आणि पायऱ्या उतरली.

थोरल्याला पुतणी येताना दिसली. तो पियानोचे सूर जुळवायचं काम करायचा. लोकांच्या घरी, शाळांत, हॉटेलांत. दुसऱ्याची वाद्यं नीट करायची आणि ती वाजायला लागली की निघायचं. हे काम त्याला आवडायचं, किंवा आवडतं असं त्याने इतके दिवस म्हटलं होतं की आता ते खरंच झालं होतं.

"काका, आत चला ना."

"इथे बरं आहे. ऊन छान आहे."

"तुम्ही सावलीत उभे आहात."

"मग सावली छान आहे."

ती हसली नाही. तिने वायरची दोन्ही टोकं त्याच्यापुढे धरली. "एक ऐकाल? काय वाजतंय ते मला सांगा. तुमचा कान तयार आहे म्हणून विचारते."

त्याने कौतुकाने ती कानात घातली. आधी ओरखड्यांची खरखर आली. मग खालच्या पट्टीत काहीतरी घरघरू लागलं. सहा सारखे ठोके आणि सातवा किंचित जड, दचकल्यासारखा. मग त्यावर ऑर्गन आला.

थोरल्याने पिशवी खाली ठेवली. त्याची उजव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर हलू लागली आणि त्याच्या लक्षात येताच थांबली.

"हे कुठून आणलंस?"

"लोक म्हणतात, हा सातवा ठोका कुठल्या वाद्याचा ते कळत नाही. कुणी म्हणतं लाकडी ढोल, कुणी म्हणतं चूक आहे, कुणी म्हणतं मुद्दाम केलीय. जगभरात चारशे माणसं ह्यावर भांडतायत, काका. मीही भांडलेय. मी लाकडी ढोलाच्या बाजूची."

"ढोल नाही तो," थोरला म्हणाला.

"मग काय?"

त्याने वायर काढून तिच्या हातात दिली. समोरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. "तुला सांगितलं तर तू हसशील."

"आजीने बोलावलंय," खार म्हणाली. "तुमचं कव्हर आत टेबलावर आहे. म्हणजे, तुकडे आहेत. ती म्हणते, त्याच टेबलाशी तुमच्याशी बोलायचंय. मला, काका, फार कळत नाही ह्यातलं. पण चारला टेबल जाणार आहे."

एक सायकल गेली. चष्मेवाल्याने काच पुसली. मग थोरल्याने पिशवी उचलली, रस्ता ओलांडला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटका होता. तो अजून तसाच होता, आणि त्याच्या पायाने न बघता तो चुकवला.

आत कुणी उठलं नाही. टाचणीने नुसती खुर्ची पुढे ढकलली. "बस, दादा. खाली बघून बस, टाचण्या असतील."

"तू आहेसच," थोरला म्हणाला. बोलून गेल्यावर दोघंही चपापले. मग टाचणी ओठांतल्या ओठांत हसला.

म्हातारीने कॉलर उचलली आणि थोरल्यापुढे ठेवली.

"हे तुझं माप," ती म्हणाली.

"माझं?"

"दुसऱ्या कुणाचं नाही. ह्यावर कुणाचाच शर्ट कापला नाही कधी."

थोरल्याने कॉलर हातात घेतली. आपल्याच तरुण डोळ्यांत त्याने पाहिलं. कॉलर मधोमध कापलेली होती आणि त्यात कापडी पट्टी चिकटवलेली होती. त्या पट्टीला लागून दुसरी. मग तिसरी. त्याच्या दोन डोळ्यांमध्ये सहा पट्ट्या होत्या.

"तुझा बाप गेला त्या महिन्यात तू ते आणलंस," म्हातारी म्हणाली. "तो सगळ्यांच्या मापांवर नावं लिहून ठेवायचा. तो गेला आणि मी आकड्यांखाली उभी राहिले. दीडशे पुठ्ठे. कुठलं कुणाचं, मला कळेना. मला अक्षर कुठे येत होतं तेव्हा? एका गिऱ्हाईकाची कॉलर दुसऱ्याला गेली. तुझा शर्ट कापायला घेतला तर तुझंच माप सापडेना. माझ्याच पोराचं." ती थांबली. "आणि तू तो पुठ्ठा आणून दिलास. त्यावर तुझं तोंड. मला वाटलं, हे बरं झालं. हे आता वाचावं लागणार नाही. हे माझ्या हातून कधी चुकणार नाही."

थोरला पट्ट्यांवरून बोट फिरवत होता. पहिल्या तीन पट्ट्यांवर नुसत्या पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. चौथीवर वेडावाकडा आकडा होता, पंधरा. खारीबरोबर पाटी घेऊन आई साठीत अक्षरं शिकली, त्या वर्षीचा असावा. सहावीवर सरळ, नीट, साडेसोळा.

"गळा वाढत गेला तुझा," म्हातारी म्हणाली. "ही येऊन सांगायची."

"तू सांगायचीस?" थोरला बहिणीकडे वळला.

"तुला काय वाटलं, शर्ट आकाशातून यायचे?" नर्स म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र वॉर्डातला होता. "दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला येऊन मिठी मारायची मी. तेवढ्यात बोटांनी गळा मोजायची. पोट तर लांबूनच कळायचं."

थोरल्याने अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. दर वर्षी येणारा, दर वर्षी बसणारा. बहीण नेमका कुठल्या दुकानातून आणते, असं त्याच्या मनात कधीतरी आलं होतं आणि निघून गेलं होतं.

"आई, कापलंस त्याचं मला आता काही नाही," तो हळू म्हणाला. "पण ऐकलंही नाहीस. एकदासुद्धा. मला वाटायचं, कधीतरी कुणाकडून तरी म्हणशील, ऐकलं रे तुझं."

"कशावर ऐकू? आपल्याकडे ते वाजवायचं यंत्र होतं?" म्हातारीने मशीनचा खण ओढला. आत पांढऱ्या कापडाची गोल पिशवी होती, कडेला बारीक टीप मारलेली. तिने ती टेबलावर ठेवली. "पुठ्ठा कापला म्हणून तबकडीला अंगरखा शिवला. समोरच्या रेकॉर्डवाल्याकडे गेले होते ऐकवा म्हणायला. त्याचं दुकान बंद झालं होतं. मग तुला विचारायचं होतं. तू इथे आलाच नाहीस, आणि तिकडे दुकानाचं नाव काढलं की हवापाण्यावर जायचास."

खारीने पिशवीतून तबकडी अलगद काढली आणि उजेडात धरली. काळी, चकचकीत. एक ओरखडा नाही. सुई एकदाही न लागलेली. तिला ओरडावंसं वाटलं. जगातली चारशे माणसं तिला आठवली. पण तिने ती पुन्हा अंगरख्यात घातली. मग वायर घेऊन आजीच्या कानाशी वाकली.

"हे सध्या ओरखड्यांचं ऐक, आजी. चांगलं नंतर माझ्या घरी."

म्हातारीच्या कानात आधी भजी तळल्यासारखी चरचर झाली. तिने डोळे मिटले. पोराचं ऐकायचं म्हणून ती ताठ बसली होती, डॉक्टरसमोर बसावं तशी. तिला वाटलं, आपल्याला यातलं काही कळणार नाही, आणि कळलं नाही तरी चांगलं आहे म्हणायचं. मग खालून घरघर सुरू झाली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि सातव्याला खटका.

तिचा उजवा पाय हलला. मशीनच्या जाळीवर आपोआप गेला आणि खालीवर होऊ लागला. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. चाक फिरलं, चामडी पट्टा फिरला. पट्ट्याला जिथे तारेचा जोड होता तो जोड लहान चाकावर आला, की खट्. सहा टाके सरळ आणि सातव्याला खट्.

खार शिडी धरून उभी राहिली. तिच्या फोनमधून येणारं तिला ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरज नव्हती. ते तिला पाठ होतं. आणि ते समोर चाललं होतं.

"ढोल नाही," ती पुटपुटली.

थोरला आईच्या पायाकडे बघत होता. "रात्री तू शिवायचीस आणि मी ह्या टेबलाखाली झोपायचो," तो म्हणाला. "दुसरा कुठला ताल मला येतच नव्हता. मित्र म्हणायचे, हा सातवा ठोका काढ, लोक अडखळतात. मी म्हटलं, नाही, तो घरचा आहे."

म्हातारीने एक कान मोकळा केला. त्याचं बोलणं तिने ऐकलं होतं की नाही, कुणाला कळलं नाही.

"हे माझं मशीन आहे," ती म्हणाली.

"हो."

"पट्ट्याचा जोड खटकतोय."

"हो, आई."

"इतकं मोठ्याने खटकत होतं, तर तेव्हाच सांगायचंस. पट्टा बदलून घेतला असता."

टाचणी आधी हसला. मग नर्स. थोरल्याला हसू आलं ते मध्येच मोडलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलत राहिले. शर्टाचा खांदा मात्र कुठे ओढला नाही, कुठे चुणी पडली नाही. टाचणीच्या शिंप्याच्या डोळ्याला तेवढं दिसलं. तो उठला आणि भावाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

गाणं एकवीस मिनिटांचं होतं. म्हातारीने ते पुरं ऐकलं, पाय न थांबवता. मधे ऑर्गन एकटा वाजत होता तिथे तिने मान एकदा हलवली.

पावणेचारला बाहेर गाडी लागली. माणसं वर आली, टेबल उचललं, आकडे उतरवले. मशीनला हात लावायला गेली तेव्हा थोरला म्हणाला, "ते नाही. ते माझ्याकडे येतंय." कुणी विचारलं नाही, तू त्याचं काय करणार.

"पट्टा तेवढा बदलून घे," म्हातारी म्हणाली.

"नाही बदलणार."

"बरं." तिने गळ्यातली टेप काढली. ती टेप रिकाम्या दुकानातही तिच्या गळ्यात होती. "इकडे ये. वाक जरा. वरचं बटण उघडंच ठेवलंयस, ते काय उकडतंय म्हणून? लागत नाही ना?"

थोरला वाकला. तिने टेप त्याच्या गळ्याभोवती घेतली, मध्ये एक बोट ठेवलं आणि आकडा वाचायला डोळ्यांशी नेली.

"सतरा," तिने वाचलं. आणि मुलीकडे डोळे वटारून म्हणाली, "साडेसोळा म्हणालीस मला. मिठी नीट मारता येत नाही तुला."